शेणावर हक्क कोणाचा?

शहादे तालुक्यातील पुरुषोत्तमनगर येथील सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना सर्वांना परिचित आहे. साखर कारखान्याचा ऊर्जेचा हिशेब मोठा चोख असतो. उसाचा चोथा बॉयलरमध्ये जळतो, त्याच्याच वाफेवर रस आटतो. आणि शेतात उरलेले वाढे गुरांपुढे पडते.

गायीचा हिशेब मात्र इतका सरळ नाही. माणसाला न पचणारा हा चारा तिच्या पोटातील सूक्ष्मजीव पचवितात. त्यात चाऱ्यातील सुमारे सहा टक्के ऊर्जा मिथेन वायू होऊन हवेत जाते. बरीचशी ऊर्जा तिचे स्वतःचे शरीर चालविण्यात खर्च होते, थोडी दुधात उतरते आणि मोठा वाटा शेणात राहतो. आमचा प्रश्न या शेणाविषयीचा आहे.

गोवरी चुलीत जाळली, तर उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला लागतो. वर धुराने डोळे चुरचुरतात ते वेगळेच! गोबर वायूच्या शेगडीत निम्म्याहून अधिक उष्णता कामी येते आणि खतही हाती उरते. केंद्र सरकारने १९८१-८२ पासून या संयंत्रांचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तो योग्यच होता. पण दोन घनमीटरच्या संयंत्रास रोज सुमारे पन्नास किलो शेण लागते, म्हणजे दावणीला चार-पाच जनावरे हवीत. ज्या भूमिहीन बाईची एकही गाय नाही, जी रस्त्यावरचे व गायरानातले शेण वेचून गोवऱ्या थापते, तिचे काय? शेणाला मोल आले की गुराखी ते तिला उचलू देत नाही. कार्यक्षमता वाढते, तिची चूल विझते.

गोठ्यातील शेण मालकाचे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु वाटेवर पडलेल्या शेणास आम्ही शेतात राहिलेल्या कणसांप्रमाणे मानतो. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात ती कणसे गरिबांसाठी व उपऱ्यांसाठी राखलेली आहेत. मालकाने दया म्हणून दिलेली नव्हेत. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून अनेक घरांत सिलिंडर आला, हे खरे. पण तो पुन्हा भरण्यास रोख पैसा लागतो, गोवरीला लागत नाही.

संयंत्राचा मालक तिला खताचा वाटा देऊ करील. तिला शेतच नाही. वायू टोपलीत घालून नेता येत नाही. तेव्हा तिने आणलेल्या शेणाचे वजन करून त्याचे पैसे त्याच दिवशी तिच्या हातावर ठेवावेत, किंवा वस्तीजवळच सामाईक शेगडी असावी.