गादी गेल्यावर राणी

३० डिसेंबर १९१६ रोजी बुडापेस्टच्या मात्यास चर्चमध्ये नवा राजा कार्ल याच्या मस्तकावर हंगेरीचा पवित्र मुकुट ठेवला गेला. मग तोच मुकुट त्याची पत्नी झिटा हिच्या उजव्या खांद्याला क्षणभर टेकवण्यात आला. तिच्या डोक्यावर होता तो मुकुट वेगळा, राजपत्नीचा. हंगेरीतली ही जुनी रीत होती. राज्य तिचं नाही, राज्याचा भार वाहण्यात मात्र तिचा खांदा आहे, असा त्या रीतीचा अर्थ.

झिटा तेव्हा चोवीस वर्षांची होती. दोन वर्षं पुरी होण्याआधीच ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य कोसळलं आणि पुढची सत्तर वर्षं ती बाई जगली. या सत्तर वर्षांत सरकारांना, कायदेपंडितांना, नातलग राजघराण्यांना एक प्रश्न पुन्हा पुन्हा पडला. राजाचा हक्क रक्ताने येतो. गादी गेली तरी रक्त राहतं, म्हणून पदच्युत राजाचे वंशज पिढ्यान्‌पिढ्या दावा सांगू शकतात. राजपत्नीचं सगळं स्थान लग्नाने आलेलं असतं. गादी गेली, मग नवराही गेला, तर तिच्यापाशी उरतं काय? युरोपने या प्रश्नाला प्रत्येक काळात निराळं उत्तर दिलं. झिटाचं आयुष्य समजून घ्यायचं तर आधीची उत्तरं पाहावी लागतात.

सतराव्या शतकात उत्तर सोपं होतं: ती वारसाची आई. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सची राणी हेन्रिएटा मरिया ही फ्रान्सची राजकन्या. यादवी पेटण्याच्या बेतात असताना, १६४२ मध्ये, तिने हॉलंडमध्ये जाऊन जडजवाहीर गहाण टाकलं आणि नवऱ्यासाठी शस्त्रं आणली. १६४४ मध्ये काही आठवड्यांचं तान्हं मूल मागे ठेवून ती फ्रान्सला निघाली. ज्या लूव्र राजवाड्यात ती जन्मली, तिथेच परतली. म्हटलं तर माहेर. पण १६४९ च्या जानेवारीत पॅरिसमध्येच बंडाळी माजली असताना कार्डिनल द रेत्झ तिला भेटायला गेला, तेव्हा खोलीत विस्तव नव्हता आणि थंडीमुळे मुलीला अंथरुणातच ठेवलेलं होतं. त्याच महिन्याच्या अखेरीस लंडनमध्ये तिच्या नवऱ्याचा शिरच्छेद झाला. तरीही तिचं राजकारण थांबलं नाही. थोरल्या मुलाला गादी मिळवून द्यायची, या एकाच गोष्टीभोवती ते फिरत राहिलं. १६६० मध्ये तो दुसरा चार्ल्स म्हणून राजा झाला आणि राजमाता म्हणून तीही इंग्लंडमध्ये आली. पुढच्याच वर्षी या चार्ल्सचा पोर्तुगालच्या कॅथरिनशी विवाह ठरला आणि त्या करारात मुंबई इंग्रजांकडे गेली, हे आपल्याला ठाऊक आहे. राजपत्नी ही त्या काळी दोन दरबारांमधला लेखी व्यवहार होती. हुंडा किती, विधवा झाल्यावर नेमणूक किती, सगळं कागदावर असे.

या कागदाची किंमत मॉडेनाच्या मेरीला कळली. दुसऱ्या जेम्सची ही राणी १६८८ च्या डिसेंबरात सहा महिन्यांचा मुलगा उराशी धरून रातोरात थेम्स ओलांडून पळाली. चौदाव्या लुईने तिला आणि जेम्सला सेंट जर्मेनचा राजवाडा दिला. तिथे अख्खा दरबार उभा राहिला, फक्त देश नव्हता. इंग्लंड आणि फ्रान्समधल्या १६९७ च्या रिस्विकच्या तहाच्या वेळी तिच्या नेमणुकीचा विषय निघाला. वर्षाला सुमारे ५०,००० पौंडांची ती रक्कम कबूल झाली, पण मिळाली नाही. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. ज्या इंग्लंडने तिच्या मुलाचा हक्क नाकारला, त्यालाही तिचा हक्क तोंडावर नाकारणं जमलं नाही. मुलाचा दावा राज्यावर होता, तिचा करारावर. तिची बाजू कायद्याने भक्कम होती. त्याचा तिला उपयोग काहीच झाला नाही, हा भाग वेगळा.

एकोणिसाव्या शतकात हे उत्तर मोडलं, आणि ते युजेनीच्या आयुष्यात सर्वांत स्पष्ट दिसतं. फ्रान्सची ही सम्राज्ञी मूळची स्पॅनिश सरदारकन्या. साम्राज्य कोसळल्यावर ४ सप्टेंबर १८७० रोजी ट्युलरी राजवाड्यातून निसटून ती आपल्या अमेरिकन दंतवैद्याच्या घरी गेली आणि त्याच्या मदतीने समुद्र ओलांडून इंग्लंडला पोचली. १८७३ मध्ये तिचा नवरा, तिसरा नेपोलियन, वारला. १८७९ मध्ये त्यांचा एकुलता एक मुलगा ब्रिटिश सैन्याबरोबर झुलूलँडमध्ये मारला गेला. आता ती कोणत्याही वारसाची आई नव्हती. जुन्या हिशेबाने तिच्यापाशी काहीच उरलं नव्हतं. आणि तरी ती आणखी एकेचाळीस वर्षं जगली. मुलगा पडला ती जागा पाहायला ती आफ्रिकेत गेली. फार्नबरोला तिने नवऱ्यासाठी आणि मुलासाठी समाधिमंदिर बांधलं. पहिल्या महायुद्धात आपल्या घराचा काही भाग तिने जखमी अधिकाऱ्यांच्या इस्पितळासाठी दिला. १८७० मध्ये प्रशियाच्या राजाने तिला एक पत्र लिहिलं होतं. आल्सास-लोरेन जर्मनीला हवं आहे ते संरक्षणासाठी, असा त्याचा आशय होता. महायुद्ध संपताना तिने ते जुनं पत्र फ्रेंच सरकारकडे दिलं आणि ते प्रांत परत मागताना फ्रान्सला ते कामी आलं. तिला देशोधडीला लावणाऱ्या प्रजासत्ताकाला तिने ते दिलं होतं. दावा शून्य असलेल्या एका म्हाताऱ्या बाईचं त्या देशाशी नातं शिल्लक होतं, ही गोष्ट जुन्या उत्तरात कुठेच बसत नाही.

झिटाकडे येताना हे सगळं डोळ्यांसमोर ठेवायला हवं, कारण तिचा जन्मच परागंदांच्या घरात झाला. वडील पार्माचे ड्यूक रॉबर्ट. त्यांचं राज्य इटलीच्या एकीकरणात गेलं. आई मरिया अंतोनिया ही पोर्तुगालचा हद्दपार राजा मिगेल याची मुलगी. ९ मे १८९२ रोजी लुकाजवळच्या पियानोरे इथे ती जन्मली. वडिलांच्या दोन लग्नांतल्या चोवीस मुलांमधली ही सतरावी. तिला नाव दिलं ते लुकाच्या संत झिटाचं. ती संत तेराव्या शतकातली एक मोलकरीण होती. हेन्रिएटाला परतायला माहेर होतं. झिटाचं माहेर तिच्या जन्माआधीच नकाशावरून पुसलं गेलं होतं.

सासरीही तिला परकीच मानलं गेलं. १९१५ मध्ये इटली शत्रुपक्षात गेल्यावर व्हिएन्नात लोक तिला ‘इटालियन’ म्हणून हिणवू लागले. १९१७ मध्ये तिचे भाऊ सिक्स्टस आणि झेवियर यांच्यामार्फत कार्लने फ्रान्सशी गुप्तपणे तहाची बोलणी चालवली. एप्रिल १९१८ मध्ये फ्रान्सचा पंतप्रधान क्लेमांसो याने त्या बोलण्यांमधलं कार्लचं पत्र उघड केलं, तेव्हा सगळा रोष तिच्यावर आला. लाखो माणसं मरत असताना युद्ध थांबवायचा तो प्रयत्न होता. तो अर्धवट राहिला, पण त्यात लाज वाटावी असं मला काही दिसत नाही.

११ नोव्हेंबर १९१८ रोजी कार्लने राज्यकारभारातून अंग काढून घेत असल्याचं जाहीर केलं. राजत्याग मात्र केला नाही. राजत्यागाला झिटाचा कडवा विरोध होता. कारभार सोडता येतो, अभिषेक सोडता येत नाही, ही तिची निष्ठा होती, आणि ती शेवटपर्यंत हलली नाही. तिच्या लेखी मुकुटाचा स्पर्श विवाहाच्या शपथेसारखा होता. इथे राजपत्नीच्या कल्पनेला एक नवं वळण मिळालं. वारसाची आई, करारातली हक्कदार, शोकमग्न विधवा, या तिन्ही भूमिका तिने केल्याच. पण स्वतःला ती त्यांतल्या एकीनेही ओळखत नव्हती. तिने राणीपण व्रत म्हणून घेतलं होतं.

व्रताची किंमत इतरांनाही मोजावी लागते, हेही सांगायला हवं. मार्च १९१९ मध्ये हे कुटुंब स्वित्झर्लंडला गेलं. ३ एप्रिलला ऑस्ट्रियाने कायदा केला: घराण्याचे हक्क सोडत नाहीत त्यांना देशबंदी. या कायद्याला निष्ठुर म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तो समजू शकतो. कार्लने १९२१ मध्ये दोनदा हंगेरीची गादी परत घेण्याचा प्रयत्न केला. दुसऱ्या वेळी, ऑक्टोबरात, गर्भवती झिटाही मुलांना स्वित्झर्लंडमध्ये ठेवून त्याच्याबरोबर विमानात बसली. बुडापेस्टजवळ चकमक झाली, माणसं मेली, शेजारी देशांनी सैन्य हलवलं. नुकत्याच युद्धातून बाहेर पडलेल्या प्रदेशावर पुन्हा तीच वेळ येऊ शकली असती. तिच्या निष्ठेबद्दल मला आदर आहे, त्या विमानप्रवासाबद्दल नाही.

तो प्रयत्न फसला आणि ब्रिटिश जहाजाने दोघांना मदेइरा बेटावर नेलं. जडजवाहीर आधीच हातचं गेलं होतं, पैसे संपत आले. तिथल्या फुंशाल शहरातली जागा परवडेना, म्हणून ते वर डोंगरातल्या मोंते इथे, धुक्यात वेढलेल्या ओलसर बंगल्यात राहायला गेले. १ एप्रिल १९२२ रोजी न्यूमोनियाने कार्ल वारला. तो चौतीस वर्षांचा होता, ती एकोणतीस. सात मुलं, आठवं पोटात. तिने काळे कपडे घातले ते जन्मभरासाठी.

स्पेनचा राजा तेरावा आल्फोन्सो याने तिला आणण्यासाठी जहाज पाठवलं. शेवटची मुलगी माद्रिदजवळ एल पार्दोच्या राजवाड्यात जन्मली. मग बास्क किनाऱ्यावरचं लेकेइतियो हे गाव, आणि थोरल्या ओटोचं शिक्षण. तो राजाच होणार, असं धरून तिने ते आखलं: जर्मन, हंगेरियन, क्रोएशियन, हंगेरीच्या शाळांचा अभ्यासक्रम, तिथलेच शिक्षक. पुढे बेल्जियममध्ये स्टेनोकरझेलचा गढीवजा वाडा आणि लुवेनचं विद्यापीठ. हे सगळं मॉडेनाच्या मेरीसारखंच दिसतं. फरक इतकाच की तिला सांभाळणारा चौदावा लुई आता उरला नव्हता. आल्फोन्सो स्वतःच १९३१ मध्ये देश सोडून गेला होता.

१९३८ मध्ये ऑस्ट्रियावर चालून जाण्याच्या हिटलरच्या योजनेचं सांकेतिक नाव ‘ओटो’ हेच होतं. १० मे १९४० रोजी जर्मन विमानांनी स्टेनोकरझेलच्या त्या वाड्यावर बॉम्ब टाकले. कुटुंब फ्रान्समधून दक्षिणेकडे पळालं. बोर्दोमध्ये पोर्तुगालचे कॉन्सुल अरिस्तिदेस द सौझा मेंदेस आपल्या सरकारचा हुकूम झुगारून हजारो ज्यू आणि इतर निर्वासितांना व्हिसा देत होते. झिटाच्या कुटुंबालाही त्यांनीच व्हिसा दिला. १९२२ मध्ये एका राजाने तिच्यासाठी जहाज धाडलं होतं. १९४० मध्ये ज्यांना जायला कुठेच जागा नव्हती अशा माणसांना मिळत होता तोच शिक्का तिलाही मिळाला. अठरा वर्षांत युरोपने राजपत्नीचं उत्तर पुन्हा बदललं होतं. ती आता निर्वासित होती. पुढे कॅनडातल्या क्वीबेकमध्ये धाकटी मुलं लावाल विद्यापीठात शिकली, घर काटकसरीने चाललं. युद्धानंतर ऑस्ट्रिया आणि हंगेरीतल्या उपाशी लोकांसाठी मदत गोळा करत ती अमेरिकेत हिंडली. त्या देशांनी तिला हाकललं होतं, हे तिने या कामाच्या आड येऊ दिलं नाही.

१९६१ मध्ये ओटोने हक्क सोडल्याच्या कागदावर सही केली. पाच वर्षांनी त्याला ऑस्ट्रियात जाता आलं. झिटाने सही केली नाही. स्वित्झर्लंडमधल्या त्सिझर्स गावी धर्मसंस्थेच्या वृद्धाश्रमात ती राहू लागली. १९७१ मध्ये तिची मुलगी आडेलहाइड वारली. तिरोलमधल्या टुल्फेस गावी तिचं दफन झालं आणि आईला तिथे जाता आलं नाही. सही केली असती तर जाता आलं असतं. ऐंशीला टेकलेल्या बाईने मुलीच्या कबरीपेक्षा शपथ मोठी मानली, हे मला पटवून घेणं जड जातं. पण हट्ट हा शब्द इथे पुरत नाही.

मग १९८२ मध्ये दार उघडलं, आणि ज्या मुद्द्यावर उघडलं तो तीन शतकांच्या या कहाणीला नेमका छेद देतो. झिटा घराण्यात लग्नाने आलेली, गादीवर तिचा स्वतःचा हक्क कधी नव्हताच. जे नाही त्याचा त्याग तिच्याकडून कशाला मागायचा, असा अर्थ लावला गेला. सही न करता ती मुलीच्या कबरीपाशी गेली. राजपत्नीचं जे दुबळेपण मेरीला हात पसरायला लावत होतं, त्यानेच नव्वद वर्षांच्या झिटाची शपथ अभंग ठेवली. राजे, वारस, दावेदार यांच्याकडे सोडण्यासारखं काही होतं, म्हणून त्यांना ते सोडावं लागलं. तिच्या व्रतावर कुठल्याच सरकारचा कायदा चालत नव्हता.

१४ मार्च १९८९ रोजी ती गेली. १ एप्रिलला, कार्लच्या स्मृतिदिनी, व्हिएन्नात तिचा अंत्यविधी झाला. कार्ल अजून मदेइरातच आहे. त्याच वर्षी १९ ऑगस्टला हंगेरीतल्या शोप्रोनजवळ लोकांनी ऑस्ट्रियाच्या हद्दीवर सहल भरवली, फाटक उघडलं गेलं आणि पूर्व जर्मनीतले शेकडो लोक पलीकडे धावले. सहलीचा एक आश्रयदाता ओटो होता. तेव्हा तो युरोपीय संसदेचा निवडून आलेला सदस्य होता, आणि लेकेइतियोला आईने राजा होण्यासाठी शिकवलेली हंगेरियन भाषा त्याला अजून येत होती.