ठरवून केलेली मैत्री

निलंगा तालुक्यात श्रावणबाळ किंवा निराधार योजनेचा ‘पगार’ घेणाऱ्या म्हाताऱ्यांना वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. मग दरमहा १५०० रुपये चालू राहतात. रक्कम तुटपुंजी आहे, पण हिशेबापुरती का होईना, हे माणूस जिवंत आहे का याची चौकशी होते. एरवी ‘जेवलीस का’ म्हणायलाही कुणी नसतं. मुलगा पुण्याला नाही तर हैदराबादला, नातू लातूरला ‘नीट’च्या क्लासला. “फोन करतंय की लेकरू,” म्हणून आजी विषय बदलते.

यावर आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. संस्कार उरले नाहीत, हे एक. आणि कायदा आहे की, हे दुसरं. २००७ च्या कायद्याने मुलांकडून निर्वाहभत्ता मिळवता येतो, हे खरं. पण दुपारी तीन वाजता ओट्यावर येऊन बसणारं माणूस कुठला अधिकारी मंजूर करणार? आणि पोटची मुलं जवळ असली, तरी मित्राची जागा ती भरून काढतातच असंही नाही. म्हणून म्हाताऱ्यांना कुटुंबाबाहेरची, तरुण वयाची मैत्री मिळावी आणि ती ठरवून घडवावी, असं मला वाटतं.

ठरवून केलेली मैत्री खोटी, असं कुणी म्हणेल. पूर्वी पारावर सगळं गाव बसायचं, तिथे कुठे काय ठरवावं लागत होतं? पण ते ‘सगळं गाव’ म्हणजे नेमकं कोण? दलित वस्तीतला म्हातारा त्या पारावर बरोबरीने बसत होता का? बायका तर नव्हत्याच. कोण कुणाशेजारी बसणार हे जातीने आणि लुगड्या-धोतराने आधीच ठरवलेलं होतं. आपण त्याला सहजपणा म्हणत आलो, इतकंच.

जे काही होतं, तेही या भागात एका पहाटे हललं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर औसा, निलंगा, उमरगा पट्ट्यातली अनेक गावं नव्या जागी वसली. रुंद रस्ते, सुटी घरं, सरळ रांगा. घरं भक्कम झाली, पण एका दारातून दुसऱ्या दारात हाक पोचेना. पोरक्या झालेल्या मुलांसाठी पन्नालाल सुराणांनी नळदुर्गला ‘आपलं घर’ उभं केलं. शांतिलाल मुथ्थांनी बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. मोठीच कामं ती. पण पोरकेपण लेकरांनाच येतं, असं आपण तेव्हा धरून चाललो आणि अजूनही चालतो.

बाहेर अशा ठरवून केलेल्या सोबतीचे प्रयोग झालेत. पॅरिसमध्ये १९४६ साली आर्माँ मार्किझे यांनी एकाकी वृद्धांसाठी संस्था काढली आणि भाकरीआधी फुलं द्या, असा तिचा बाणा ठेवला. मुंबईत २०२२ मध्ये शंतनू नायडू यांनी रतन टाटांच्या पाठबळावर ‘गुडफेलोज’ सुरू केलं. तिथे पदवीधर मुलं पगारावर आजी-आजोबांना सोबत करतात. त्यात लबाडी काहीच नाही, मात्र १५०० रुपयांत महिना काढणाऱ्या म्हातारीला ही वाट बंद आहे.

निलंग्याला पैसा नसला तरी कॉलेजची पोरं आहेत. १९६९ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम करायचं असतं. त्यातले बरेच तास झाडू, खड्डे आणि रॅलीत जातात. आठवड्याला एक तास एकाच घरी गेलं, तर वर्षाचे फार तर बावन्न होतात. नांदेडच्या विद्यापीठाने एवढी मुभा उघडपणे द्यावी. अट एकच: फळवाटप नको, बॅनर नको, केळं हातात देऊन फोटो तर मुळीच नको. ज्याला नुसतं घ्यावं लागतं, तो मित्र होत नाही, लाभार्थी होतो. लाभार्थी तर तो आधीपासूनच आहे.

आणि द्यायला म्हाताऱ्यांकडे खूप आहे. निलंगा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातल्या बिदर जिल्ह्यात होता. नव्वदीकडे झुकलेल्या काहींची पाटी उर्दूत गिरवून झालेली. सीमेकडच्या घरांत कानडी सहज चालते. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधताना मराठवाड्यात उर्दू आणि मोडी वाचणारे हुडकावे लागले, तेव्हा अशा माणसांची आठवण झाली. पोराने ई-केवायसी करून द्यावी, आजोबांनी पणजोबाच्या जमिनीचा जुना कागद वाचून दाखवावा. अशा देवघेवीत लाज कुणालाच वाटत नाही. आणि कागद नसेल तर भांडण्यासारखे विषय गावात कमी नाहीत.

खरी अडचण वेगळीच आहे. तिसऱ्या वर्षाची परीक्षा झाली की पोरगा पुण्याला जाणार. म्हातारीला दुसऱ्यांदा तोच अनुभव येणार, आणि या वेळी तो आपण ठरवून दिलेला असणार. हे टाळायचं, तर दुसऱ्या वर्षाच्या मुलासोबत पहिल्या वर्षाची एक मुलगी किंवा मुलगा दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याच घरी जायला लागला पाहिजे. कोण कधी जाणार हे आजीला सहा महिने आधी माहीत असावं, आणि नव्याशी जमलं नाही तर ‘नको’ म्हणायची मोकळीक तिला असावी.