सेल्फला हात लावायला कुणी सांगितलं होतं?

मान वर कर आणि माझ्याकडे बघ. आजोबांची 1978 ची पद्मिनी शेडमधून काढलीस, शेजारच्या जीपची बॅटरी जोडून सेल्फ मारलास, इंजिन धडधडलं, त्याचा व्हिडिओ गावभर पाठवलास आणि त्याच उत्साहात गाडी उतारावर घातलीस. ब्रेकचं पेडल थेट फळीला टेकलं तेव्हा कुठे तुझे डोळे उघडले. रस्त्याकडेला मुरमाचा ढीग होता आणि गाडी त्यात रुतली, म्हणून आज तू माझ्यासमोर धड उभा आहेस. त्या वळणावर शाळा सुटली की पोरं घोळक्याने चालत असतात. हे तुला माहीत नव्हतं, असं मला सांगू नकोस.

"सर, इंजिन एकदम मस्त लागलं होतं," म्हणतोस. मला इंजिनाचं कौतुक ऐकवू नकोस. आयटीआयच्या मोटार मेकॅनिक ट्रेडमध्ये दोन वर्षं काढलीस आणि बंद पडून राहिलेल्या गाडीला पहिला हात कुठे लावायचा, हे तुला कळत नसेल, तर तुझं प्रमाणपत्र काय कामाचं? गाडी चालायला लागायच्या आधी ती थांबते की नाही हे बघायचं असतं.

काल मागचं डावं चाक मी स्वतः उतरवलं. ड्रम हाताने हलेना. सगळीकडून लाकडी हातोडीने ठोकत ठोकत सोडवावा लागला. आत लायनर तेलकट झालेला. व्हील सिलिंडरचं रबरी बूट नखाने जरा उचललं, तर खालून तपकिरी पाणी ओघळलं, चहाच्या चोथ्यासारखा गाळ असलेलं. ते ब्रेक ऑइल होतं, पोरा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, हे मी फळ्यावर लिहून शिकवलं होतं. आपल्याकडे पावसाळ्यात शेडच्या भिंतींना पाणी सुटतं. तिथे वर्षानुवर्षं न बदललेल्या ऑइलाचं दुसरं काय होणार? सिलिंडरला आतून गंज धरतो, खड्डे पडतात, कप कडक होतात. शेडमध्ये उभ्या उभ्या पेडल दाबलंस तर ते टणक लागतंही. माणूस तिथेच फसतो. खरा दाब पडला की कडक झालेला कप हार मानतो. तुझ्या गाडीची लाइन एकेरी आहे. एका चाकाने ऑइल सोडलं की चारही ड्रम निकामी. आणि हँडब्रेक? त्याची केबल गंजून आवरणात घट्ट बसली आहे. ओढून बघायला किती वेळ लागला असता?

आता त्या तुझ्या लाडक्या इंजिनाबद्दल ऐक. इतका काळ उभ्या राहिलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल केव्हाच खाली उतरलेलं असतं. रिंगा गंजून भिंतीला धरलेल्या असू शकतात. चारही प्लग काढायचे, प्रत्येक भोकात थोडं इंजिन ऑइल सोडायचं, रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी टॉप गिअर टाकून गाडी हाताने पुढे-मागे झुलवायची आणि इंजिन मोकळं फिरतंय का ते बघायचं. मग ऑइल बदलायचं, कॉइलची वायर काढायची आणि प्लग बाहेर असतानाच ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ द्यायचा. एवढं झाल्यावर प्लग. तू कोरड्या इंजिनावर सेल्फ मारलास आणि वर ते रेस केलंस. आत काय खरवडलं गेलंय, ते कॉम्प्रेशन घेतल्याशिवाय मीही सांगू शकत नाही.

टाकीत जुनं पेट्रोल तसंच होतं. झाकण उघडल्यावर रंगासारखा वास आला, तरी तुला शंका आली नाही? त्या पेट्रोलचा चिकट थर कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो. वर तू पंपावरचं नवं पेट्रोल ओतलंस. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. 1978 सालच्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा इथेनॉलसाठी केलेले नव्हते. नळी फुगते, मऊ होते, चिरते, आणि पेट्रोल तापलेल्या इंजिनावर ठिबकतं. एअर क्लीनरमध्ये उंदरांनी घर केलं होतं आणि डॅशबोर्डमागच्या दोन वायरी कुरतडून तांबं उघडं पडलं होतं. पेट्रोल आणि ठिणगी, दोन्ही तू एकाच बॉनेटखाली ठेवून निघालास.

टायरची नक्षी शाबूत आहे म्हणून टायर चांगले, हे कुणी शिकवलं? कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तुझ्या टायरवर 1809 आहे, म्हणजे 2009 चा अठरावा आठवडा. कडांना बोटाएवढ्या चिरा आहेत.

कागदांचं तर बोलायलाच नको. विमा नाही, पीयूसी नाही, नोंदणीची मुदत संपलेली. व्हिंटेज म्हणून सूट मिळेल असं तुला कुणीतरी सांगितलं. 2021 च्या नियमात व्हिंटेज म्हणजे पन्नास वर्षं पूर्ण झालेली गाडी. तुझी अजून त्यात बसत नाही. तोवर आरटीओत तपासणी करून पाच-पाच वर्षांची नोंदणी वाढवून घ्यायची. त्या वळणावर एखादं पोर चाकाखाली आलं असतं, तर विम्याविना ती भरपाई तुझ्या बापाला जमीन विकून द्यावी लागली असती. आणि पैसे देऊन पोर परत येत नाही.

मला ती गाडी रस्त्यावर आलेली बघायची आहे, म्हणून एवढं बोलतोय. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून आता पद्मिनी निघत नाही. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी धावत होत्या तोवर कुठल्याही गल्लीत सुटे भाग मिळायचे आणि हात लावल्यावर दोष ओळखणारे मेस्त्री होते. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही उतरली. तू घाईने मोडलेला भाग आता शोधत हिंडावं लागेल. आजोबांनी ती गाडी पुसून, झाकून ठेवली, ती तुझ्या एका व्हिडिओसाठी नव्हे.

गाडी घोड्यांवर चढवून ठेवली आहे. आजपासून चारही ड्रम उतरव, व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर उघड. ज्याच्या आत नखाला खड्डा लागेल तो बाद. नुसतं रबर किट घालून भागवायचं नाही. गाडीखाली झोपून लोखंडी पाइप टोकापासून टोकापर्यंत कानशीच्या टोकाने खरवडून बघ, गंज कुठे पोचलाय ते वहीत लिही. रबरी होज सगळे नवे. नवं ऑइल भरून लांबच्या चाकापासून हवा काढत ये आणि मग पेडलवर पाय रोवून मिनिटभर थांब. ते जराही खाली सरकलं, तर पुन्हा पहिल्यापासून. इंजिनाला तोवर हात लावायचा नाही. किल्ली माझ्याकडे आहे. मागायला येशील तेव्हा जुना मास्टर सिलिंडर हातात घेऊन ये आणि तो कुठे गळत होता, ते मला दाखव.