तिला खायला द्या



याईराची १२ वर्षांची मुलगी उठली, तेव्हा प्रभूने तिला खायला द्यायला सांगितले. वजनाच्या भीतीने जेवण टाकणारी मुलगी हट्टी नसते, आजारी असते. आजार बळावला तर तिला दाखल करावे लागते. तेथे रक्त तपासत आहार हळूहळू वाढवतात. उपाशी शरीराला एकदम भरवणे जिवावर बेतू शकते. जेवताना कोणीतरी शेजारी बसते. पूर्ण बरे व्हायला महिने, कधी वर्षेही लागतात.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार १८ वर्षांखालील रुग्णासोबत घरचे, किंवा घरच्यांनी नेमलेले, माणूस राहावे लागते. म्हणून मुळशीहून मुलीला पुण्यात पोचवले की आपण सुटलो, असे नाही. आजाऱ्याला उपवासाचे बंधन नाही, हेही तिला सांगू या. मोफत सल्ला टेली-मानसच्या १४४१६ वर मिळतो.

प्रभूने भाकर आईबापांच्याच हाती दिली. आपण तिच्या ताटाशी बसू या.