चिठ्ठीचा दुसरा तुकडा

दोन भाऊ भांडतात आणि दोघेही आपल्या दारात येऊन न्याय मागतात. अशा वेळी आपण ऐकतो ते कोणाचे? हा प्रश्न जुनाच आहे. आम्हाला मात्र तो नव्याने पडला, आणि तोही संगणकावरच्या एका खेळामुळे. या वयात खेळ कसला, असे वाचक म्हणतील. पण खेळ संपल्यावर आम्ही बराच वेळ पडद्यासमोर तसेच बसून राहिलो, म्हणून हे लिहीत आहोत.

खेळाचे नाव ‘मिस्ट’. रँड आणि रॉबिन मिलर या दोन सख्ख्या भावांनी तो अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, स्पोकेन शहराजवळ तयार केला. १९९३ साली तो बाजारात आला आणि २००२ साली ‘द सिम्स’ने मागे टाकेपर्यंत संगणकावरचा सर्वाधिक खपलेला खेळ तोच होता. त्यात बंदूक नाही, मारामारी नाही. एकामागून एक स्थिर चित्रे येतात. माउसने जिथे टिचकी मारावी तिथे आपले पाऊल पडते. १९९८ साली एका सहकाऱ्याकडून सीडी मागून आणून आम्ही तो सुरू केला आणि कोडी सुटेनात म्हणून अर्ध्यावर टाकला. यंदाच्या पावसाळ्यात घरातल्या मुलांनी तो नव्या संगणकावर लावून दिला आणि आम्ही पहिल्यांदाच शेवटपर्यंत पोहोचलो.

एक निर्जन बेट आहे. तिथल्या ग्रंथालयात एक लाल आणि एक निळे पुस्तक आहे. लाल पुस्तकात सिरस कैद आहे, निळ्यात त्याचा भाऊ अकेनार. पुस्तकांची पाने गहाळ असल्यामुळे त्यांचे बोलणे तुटक ऐकू येते. दोघांची मागणी एकच: मला माझी पाने आणून द्या, भावाला देऊ नका, गुन्हेगार तो आहे. पाने बेटावर आणि इतर चार जगांत विखुरलेली आहेत. अडचण अशी की एका वेळी एकच पान उचलता येते. लाल घेतले की निळे मागे राहते.

आम्ही प्रत्येक वेळी आधी लाल पान उचलले. का? सिरस अदबीने बोलत होता. अकेनार वेड्यासारखा हसत होता. बोलण्याची रीत हाच आम्ही पुरावा मानला. आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पाने आणून देता देताच आमचा फैसला होऊन गेला होता. ज्याच्यासाठी आपण कष्ट घेतो, तो आपल्याला निर्दोष वाटू लागतो. नाहीतर आपले कष्ट वाया गेले असे मानावे लागते.

खरा पुरावा तर समोरच होता. त्या जगांत दोन्ही भावांच्या खोल्या आहेत. अकेनारच्या गुप्त खोलीत पिंजरा आणि छळाची साधने सापडतात. सिरसच्या दालनात सिंहासन आणि दडवलेली संपत्ती. त्यांचा बाप अ‍ॅट्रस याच्या रोजनिशीत त्या जगांतल्या रहिवाशांविषयी मायेने लिहिलेले आहे, पण आपण तिथे जातो तेव्हा एकही माणूस दिसत नाही. एक क्रूर दिसत होता आणि दुसरा सभ्य, एवढाच काय तो फरक.

खेळात एक फाटलेली चिठ्ठी आहे. तिचे दोन तुकडे दोन वेगळ्या जगांत पडलेले आहेत. दोन्ही जोडल्याशिवाय ती वाचता येत नाही आणि ती वाचल्याशिवाय सुटकेचा मार्ग कळत नाही.

शेवटी एक हिरवे पुस्तक दिसते. त्याला हात लावू नका, असे दोघेही बजावतात. इथे आम्ही थबकलो. एकमेकांचे तोंड न पाहणारे हे दोघे नेमके याच गोष्टीवर एकमत कसे? हिरव्या पुस्तकात बाप अडकलेला होता. पांढरे पान नेऊन दिले आणि तो सुटला. लाल पुस्तकात शेवटचे पान ठेवले असते तर आम्हीच त्यात कैद झालो असतो.

पण आम्ही ग्रंथालयात परतलो तेव्हा लाल-निळी पुस्तके जागेवर नव्हती. उरले होते जळल्याचे काळे डाग. बक्षीस नाही, वाजंत्री नाही. बापाने मुलांची बाजू ऐकली होती काय? की त्याच्यावरही आम्ही तसाच विश्वास टाकला होता? रँड मिलर यांनी बापाची भूमिका केली आणि अकेनारचीही. फैसला करणारा आणि आरोपी, दोघांचा चेहरा एकच. २००४ साली आलेल्या चौथ्या भागात कळते की दोन्ही भाऊ जिवंत होते, वेगवेगळ्या जगांत बंदिस्त होते. सिरस बदलला नाही. अकेनारला मात्र पश्चात्ताप झाला आणि धाकट्या बहिणीला वाचवताना त्याने प्राण दिले. ज्याला आम्ही सर्वात आधी दोषी ठरवले, सुधारला तोच.

हे वाचकांना का सांगतो आहोत? काही वर्षांपूर्वी नात्यातल्या दोन भावांमध्ये वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून वाद झाला. धाकटा आमच्याकडे येत-जात असे, गोड बोले. त्याचे अर्ज आम्हीच लिहून देत होतो. थोरला एकदाच आला आणि आवाज चढवून बोलला. चार माणसांत आम्ही धाकट्याच्या बाजूने कौल दिला. अब्बांच्या आजारपणाचा सगळा खर्च थोरल्याने एकट्याने केला होता आणि त्याचा हिशेब एका वहीत होता, हे पुढे कानावर आले. ती वही आम्ही कधी मागितलीच नव्हती.

खेळ संपला त्याच आठवड्यात आम्ही थोरल्याच्या घरी गेलो. त्याने बसायला सांगितले, पाणी दिले, बोलला काही नाही. आम्ही म्हणालो, “वही दाखवतोस का?” तो काही वेळ आमच्याकडे पाहत राहिला. मग उठला आणि आतल्या खोलीत गेला.