सही करण्यापूर्वी

चि. सौ. माईस,


आक्काचा फोन आला होता. वाडीच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची तू अध्यक्ष झालीस म्हणून सांगत होती आणि त्याच दमात विचारत होती, "नुसतं नावाचंच असतं ना रे ते?" बऱ्याच ठिकाणी असतं, खोटं कशाला बोलू. केंद्रप्रमुख म्हणून डोंगरातल्या शाळा हिंडताना मी अशा इतिवृत्ताच्या वह्या पाहिल्यात की ज्यांत बाराही महिने सभा झालेल्या, सगळे ठराव "सर्वानुमते मंजूर", आणि समितीतल्या बाईला विचारावं तर ती म्हणणार, "सर वही घेऊन आले होते, मी चुलीपुढं होते, सही करून दिली." तुझ्या हातून तसं होऊ नये म्हणून लिहितोय. फोनवर सांगितलं तर निम्मं विसरशील.

तुला त्या खुर्चीवर गावानं बसवलं असलं तरी ती खुर्ची कायद्यानं दिलेली आहे. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला. समितीतले तीन चतुर्थांश सभासद पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात, असं त्यात आहे. आपल्याकडे अध्यक्ष पालकांतूनच निवडतात आणि मुख्याध्यापक सचिव असतात. म्हणजे सर तुझे साहेब नाहीत आणि तूही त्यांची साहेब नाहीस. सरपंच आले तर त्यांना मानानं बसव, चहा दे. सभा मात्र तू चालव.

आता शाळा कोण चालवतं ते. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि स्कूल बोर्डाच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. तेव्हापासून इमारत जिल्हा परिषदेची. शिक्षकांचा पगार निघतो राज्याच्या तिजोरीतून, हातात पडतो जिल्हा परिषदेमार्फत. पुस्तकं बालभारतीची. तांदूळ दिल्लीचा. वीजबिल आणि पाणी ज्याला जमेल त्याचं. इतके मालक असल्यावर काही बिघडलं की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो, आणि बोट दाखवणारा दर वेळी खोटं बोलत असतो असंही नाही.

छप्पर गळतंय असं धर. आपल्याकडच्या पावसात ते गळणारच. सर अर्ज लिहितात, तो केंद्रप्रमुखाकडे जातो. केंद्रप्रमुखाच्या हातात पैसा नसतो, त्याच्याकडे दहाएक शाळा आणि एक मोटारसायकल असते. तो अर्ज तालुक्याला पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पोचवतो. मधे विस्तार अधिकारी. गटशिक्षणाधिकारी बांधकाम विभागाला कळवतात, तिथला शाखा अभियंता येऊन मोजमाप घेतो आणि अंदाजपत्रक करतो. मग फाईल जिल्ह्याला, शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्या टेबलावर. तिथं तालुक्यातालुक्यांच्या अशा फायलींची यादी होते. मोठी कामं जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून होतात. त्या यादीत आपलं नाव वर सरकायला पूर्वी जिल्हा परिषदेचा सदस्य आणि शिक्षण सभापती उपयोगी पडायचे. २०२२ साली बहुतेक जिल्हा परिषदांच्या मुदती संपल्या, निवडणुका लांबत गेल्या आणि वर्षानुवर्षं तिथं प्रशासक बसले. त्या काळात गावानं भांडायचं कुणाशी, हाच प्रश्न होता. असो. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा एवढं सगळं उरकेपर्यंत पावसाळा केव्हाच संपलेला असतो, कधी कधी दुसराही.

म्हणून पहिलं शहाणपण हे की कुठलं काम कुठल्या पैशातलं, ते आधी ओळखायचं. चार पत्रे बदलायला जिल्ह्याला फाईल पाठवू नये. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला वर्षाला एक अनुदान मिळतं. तीस मुलांपर्यंत १० हजार रुपये, शंभरापर्यंत २५ हजार. खडू, वह्या, झाडू, किरकोळ दुरुस्ती सगळं त्यातच. रक्कम फार नाही, आणि पुष्कळदा ती वर्ष सरत आल्यावर येते, मग ३१ मार्चच्या आत खर्चायची धावपळ होते. त्या घाईत नको त्या वस्तू घेतल्या जातात. पण त्या पैशाचं काय करायचं, हे समितीनं ठरवायचं असतं. तसंच ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा निधी येतो. ग्रामसभेत शाळेचं काम आराखड्यात घालून घेतलंस तर संडासाचं पाणी, कंपाउंड अशी कामं तालुक्याची पायरी न चढता होतात. आराखडा होतानाच बोलायचं, नंतर ओरडून उपयोग नाही.

पण पैशापेक्षाही मोठी चीज सांगतो, ती म्हणजे पट. आपल्या शाळेचं सगळं पटावर चालतं. वर्ग किती, शिक्षक किती, अनुदान किती, सगळ्याचा हिशेब ३० सप्टेंबरच्या पटावरून लागतो. त्यातून शिक्षकांची पदं ठरवण्याला संचमान्यता म्हणतात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन. दीडशेच्या वर पट गेला तरच मुख्याध्यापकाचं वेगळं पद. तुमच्या वाडीचा पट साठच्या आतला; म्हणजे तुमच्या सरांना वर्गही शिकवायचे आहेत आणि मुख्याध्यापकीही करायची आहे. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं हे निकष आणखी आवळले, शिक्षक संघटना त्यावरून रस्त्यावर आल्या. आता आधार जुळलेलं मूलच धरतात. ऊसतोडीला गेलेल्या घरातलं पोर, आधारात जन्मतारीख चुकलेलं पोर, शाळेत रोज येत असलं तरी कागदावर नसतं.

हा काच उगाच आलेला नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, तीन दिवस. मुलांच्या बोटाला मतदारासारखी शाई लावली, म्हणजे एकच पोर दोन शाळांत मोजलं जाऊ नये. कागदावरचे वर्गच्या वर्ग तेव्हा हवेत विरले. चोरी केली काही संस्थाचालकांनी, आणि तिचं ओझं अजून वाड्यावस्त्यांवरच्या प्रामाणिक शाळा वाहतायत, असं माझं स्पष्ट मत आहे. ते बदलणं तुझ्या हातात नाही. जुलै-ऑगस्टमध्ये घरोघर जाऊन आधारची दुरुस्ती करून घेणं मात्र तुझ्याच हातात आहे. सर एकटे ते करू शकत नाहीत. बायका तुला दार उघडतील.

शाळेतल्या जेवणाचं सांगतो. १९९५ साली हे सुरू झालं तेव्हा मुलामागं महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायला मिळायचे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शाळेत शिजवून द्यायला लागले. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५०. वीस पोरं आली तर दोन किलो. एवढं गणित तुला येतं. महिन्यातून एकदा हजेरीपत्रक, साठ्याची वही आणि डब्यातला तांदूळ तिन्ही समोरासमोर ठेवून बघ. संशय म्हणून बघू नकोस, रीत म्हणून बघ. चवीची वही असते, तिच्यात पालकाचाही शेरा असावा. भाजीपाला आणि इंधनाचे पैसे मागाहून येतात, तोवर सर किंवा स्वयंपाकीण बाई पदरचे घालतात. त्या बाईचं मानधन महिन्याला अडीच हजार. तिच्याशी बोलताना हा आकडा डोक्यात असू दे.

गणवेशाचं उदाहरण मुद्दाम देतो, कारण त्यात समितीची किंमत कळते. पूर्वी पैसे समितीकडे यायचे, तालुक्याच्या शिंप्याकडून गणवेश शिवून व्हायचे. मग "एक राज्य एक गणवेश" आलं. २०२४-२५ च्या वर्षी कापड वरून, शिलाई बचत गटांकडून. १५ ऑगस्ट उलटून गेला तरी ठिकठिकाणी पोरं जुन्याच कपड्यांत, आणि आले ते कुठं ढगळ, कुठं तोकडे. डिसेंबर २०२४ मध्ये शासनानं हे काम परत समित्यांकडे दिलं. सातारच्या किंवा मुंबईच्या कचेरीतून तुमच्या पहिलीतल्या पोराच्या खांद्याचं माप घेता येत नाही, एवढं कळायला एक शैक्षणिक वर्ष गेलं. आता ते काम तुमच्याकडे आलंय तर पावत्या नीट ठेवा, नाहीतर पुन्हा न्यायला निमित्त मिळेल.

सरांविषयी दोन शब्द. त्यांच्या मोबाइलवर रोज माहिती मागणारे निरोप येतात: सरल, यू-डायस, आहाराची ऑनलाइन नोंद, मधेच मतदार यादी. कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसरं बिगरशैक्षणिक काम शिक्षकाला लावू नये असं आहे, पण या तीन दारांतून पुष्कळ काही आत येतं. बदली त्यांच्या मर्जीनं होत नाही, संगणकावर होते. तेव्हा छप्पर का गळतंय म्हणून त्यांच्यावर चिडू नकोस. पोराला वाचता का येत नाही, हे मात्र जरूर विचार. तिथं भीड नको. त्याच प्रश्नाला मी केंद्रावरच्या शिक्षण परिषदेत सगळ्यांत जास्त वेळ द्यायचो, आणि तिथंच सगळ्यांत जास्त जांभया यायच्या.

वरचा माणूस काय करू शकतो याचं आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमध्ये प्रतिभा भराडे विस्तार अधिकारी होत्या. तपासणी म्हणजे वह्यांवर लाल शाई, ही रीत सोडून त्या शिक्षकांबरोबर वर्गात जमिनीवर बसल्या. मुलं खडे, काड्या, शब्दपट्ट्या घेऊन स्वतः शिकू लागली. राज्यभरातून शिक्षक ते बघायला यायचे, आणि २०१५ च्या "प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र" कार्यक्रमाला त्यातून बळ मिळालं. नियम तेच, पगार तोच, इमारती त्याच होत्या.

शेवटी, तुझ्या मनातली भीती. वीसच्या आतल्या पटाच्या शाळा बंद करणार का? २०२३ मध्ये शिक्षण खात्यानं समूह शाळेची, म्हणजे आसपासच्या लहान शाळा मिळून एक शाळा करण्याची, कल्पना पुढं केली, पानशेत आणि तोरणमाळचे नमुने दाखवले. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा तेव्हा १५ हजारांच्या घरात होत्या. सात मुलांत खेळायला सवंगडी मिळत नाही, हे त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. सपाटीवर, डांबरी रस्ता आणि वेळेवर येणारी गाडी असेल तर मीसुद्धा विचार करीन. पण आपल्या ओढ्यांना जुलैत पाणी येतं, तेव्हा सात वर्षांच्या पोरीला पलीकडच्या गावात कोण सोडणार? पहिल्यांदा शाळा सुटते ती मुलींची, हे मी पाहिलंय. कायद्याखालचे नियम एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा म्हणतात. तशी नोटीस आलीच तर मोर्चाआधी ठराव कर. ओढ्याचं नाव, पाणी किती महिने असतं, पायवाट किती लांब, एसटी किती वाजता, सगळं त्यात असू दे. "ग्रामस्थांचा तीव्र विरोध आहे" एवढ्या वाक्याला तालुक्यात कुणी भीत नाही.

पहिल्या सभेच्या आधी मागच्या दोन वर्षांची इतिवृत्ताची वही आणि बँकेचं पासबुक सरांकडून मागून घे, दोन्ही सावकाश वाच. ठरावाचं पान कोरं असताना सही नको. छपराचा ठराव करशील तेव्हा त्याचा फोटो मला पाठव, आणि "दुरुस्ती व्हावी" असं मोघम लिहू नकोस. कुठली खोली, कुठली भिंत, किती पत्रे, किती फुटी, सगळं मोजून लिही. जावईबापूंना टेप धरायला घे.

तुझा,
मामा