प्रार्थनामंदिरांतील जमाखर्च

इंग्लंडांतील एखाद्या चर्चच्या सभागृहांत संध्याकाळीं पांचदहा माणसें कागद-पेन्सिल घेऊन बसलेलीं दिसलीं, तर तीं बायबलचेंच अध्ययन करीत असतील असें समजूं नये. कदाचित् तीं घरभाडें, दिवाबत्ती आणि वाणसामान यांची बेरीज करीत असतील. १९९६ सालीं ब्रॅडफर्ड येथें जॉन कर्कबी यांनीं ‘ख्रिश्चन्स अगेन्स्ट पॉव्हर्टी’ ही संस्था काढली. तिच्या साहाय्यानें तिकडे अनेक चर्चमधून घरगुती जमाखर्चाचे वर्ग चालतात. अमेरिकेंत हेंच काम डेव्ह रॅमसी यांच्या पाठक्रमानें अधिक गाजावाजानें चालविलें आहे. या गृहस्थांचें स्वतःचें एकदां दिवाळें निघालेलें. त्यामुळें त्यांच्या उपदेशास अनुभवाची धार आहे. त्यांचा दंडक असा कीं, आधीं अडीअडचणीसाठीं एक हजार डॉलर बाजूस ठेवावे, आणि मग जें कर्ज सर्वांत लहान तें प्रथम फेडावें, त्याचें व्याज कितीही असो. गणित शिकविणाऱ्या आमच्या एका स्नेह्यास हें ऐकून हसूं आलें. ज्याचें व्याज जबर तें आधीं फेडावें, हें शाळकरी पोरही सांगेल! पण एक कर्ज समूळ नाहींसें झालें म्हणजे माणसाच्या अंगीं जो धीर येतो तो व्याजाच्या कोष्टकांत मांडतां येत नाहीं, हें आमच्या स्नेह्याच्या ध्यानांत आलें नसावें.

धर्मसंस्थेनें असल्या ऐहिक उठाठेवींत पडावें काय, या प्रश्नावर फार वेळ घालविण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. स्कॉटलंडांतील रुथवेल गांवचे धर्मोपदेशक हेन्री डंकन यांनीं १८१० सालींच आपल्या गांवच्या गरिबांसाठीं बचतीची पेढी उघडली होती, आणि तेवढ्यानें धर्म बुडाल्याचें कोणीं ऐकिलें नाहीं.

खरा प्रश्न याहून बिकट आहे. काटकसर शिकविणें म्हणजे आडून असें म्हणणेंच होय कीं, बाबा रे, तुझें कर्ज हें तुझ्या बेहिशेबीपणाचें फळ आहे. हेंच बाजारांत म्हटलें तर ती नुसती टीका ठरते. प्रार्थनामंदिरांत म्हटलें कीं तीस पापाचा वास येऊं लागतो. आपल्याकडे हा आरोप जुनाच आहे. १८७५ सालीं पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत रयतेनें सावकारांचे रोखे जाळले, तेव्हां लग्नकार्यांतील उधळपट्टीनेंच कुणबी बुडाला असें म्हणणारे थोडे नव्हते. चौकशीस नेमलेल्या कमिशनलाच अखेर सांगावें लागलें कीं, या कारणास वाजवीपेक्षां फाजील महत्त्व दिलें गेलें आहे. ज्याच्या मिळकतींत दोन वेळचें अन्नच बसत नाहीं, त्यास अंदाजपत्रक आंखावयास शिकविणें ही थट्टाच नव्हे काय?

येथपर्यंत आमचें मत या वर्गांच्या विरुद्ध जात होतें. परंतु एक घरची गोष्ट आठवली आणि आम्ही थबकलों. आमच्या वडिलांनीं एका नातलगास जामीन राहून कर्ज आपल्या शिरावर ओढवून घेतलें, आणि बारा वर्षें घरांत कोणासही तें कळूं दिलें नाहीं. त्यांच्या मागें पेटी उघडली तेव्हां कागद सांपडले. रक्कम इतकी बेताची होती कीं, आम्हां चौघां भावंडांनीं ती दोन वर्षांत सहज फेडली असती. व्याजापेक्षां लाजेनेंच ते अधिक पोखरले गेले. देवळांत ते नित्य जात. देवापुढें तो आंकडा त्यांनीं अनेकवार उच्चारलाही असेल. पण माणसांपुढें उच्चारण्यास त्यांना जागा नव्हती. त्या विलायती सभागृहाचें मर्म आम्हांस येथें दिसतें. बेरीज-वजाबाकी कोठेंही शिकतां येते. तेथें मात्र आपलें देणें सांगण्याची सक्ती नसली, तरी सांगितल्यास तोंड फिरविणार नाहींत अशीं माणसें शेजारीं बसलेलीं असतात. पेढीवाल्याच्यानें हें काम व्हावयाचें नाहीं.

मात्र शिकविणाऱ्यानें स्वतःचीही वही उघडी ठेवावी. वोंगा नांवाची एक कंपनी इंग्लंडांत थोड्या मुदतीचीं कर्जें देई. वर्षाच्या हिशेबानें तिचा दर शेंकडा पांच हजारांवर जात असे. सहकारी पतपेढ्यांस चर्चचा पाठिंबा देऊन आपण तिला धंद्यांतून उठवूं, असें २०१३ सालीं आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनीं बजावलें. आणि लागलीच वर्तमानपत्रांतून उघडकीस आलें कीं, चर्चच्याच गंगाजळींतील सुमारें पाऊण लाख पौंड आडवाटेनें त्या कंपनींत गुंतलेले आहेत! आपण ओशाळलों असें आर्चबिशपांनीं स्पष्ट कबूल केलें, हें त्यांस भूषणावह होय. पुढील वर्षीं चर्चनें तो संबंध तोडला. २०१५ च्या जानेवारींत सरकारी नियंत्रकांनीं नियम केला कीं, अशा कर्जावरील व्याज व इतर आकार मिळून मुद्दलाहून अधिक होतां कामा नयेत. आमच्या धर्मशास्त्रांतील दामदुपट ती हीच. लंडनास पोंचावयास तिला बराच काळ लागला. २०१८ सालीं ती कंपनी बुडाली, तीही पतपेढ्यांच्या चढाओढीनें नव्हे; जुन्या कर्जदारांच्या भरपाईच्या दाव्यांखालीं ती दबली. सभागृहांतले वर्ग त्यानंतरही चालूच राहिले.